फोटोला परवाना लागत नाही

रास्ता पेठेत माझं दुकान.
'जुने फोटो नवे करून मिळतील', अशी पाटी.
लोक येतात ते बहुतेक मेलेले चेहरे घेऊन.
आजोबांना कोट चढवा,
आईचं कुंकू तेवढं राहू द्या.
शार्दूल रणनवरे सांबर घेऊन आला.

काचेची निगेटिव्ह, एका कोपऱ्याला तडा,
मऊ पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"आमचे आजोबा. अठ्ठावन्न साल."
बाणेरला अकराव्या मजल्यावर नवा फ्लॅट,
टीव्हीच्या वरची भिंत रिकामी.
मुंडकं होतं दिवाणखान्यात, पण त्याची नोंद कुणी केली नव्हती.
बंगला बिल्डरला द्यायच्या आधी
एका रात्री ते पोत्यातून कुठेतरी गेलं.
"फोटोला काही परवाना लागत नाही ना, काका?"
नाही लागत.

मग त्यानं कामं सांगितली.
नाकपुडीखालचा काळा ओघळ काढा.
डोळ्यात जरा जान आणा.
आणि शिंगामागून हा कुणाचा तरी हात येतोय,
तो घालवा.

वडील तेव्हा पंधराचे.
स्टुडिओचा तिकाटण्या खांद्यावर घेऊन
बंगल्याबंगल्यांतून फिरायचे मालकामागे.
वेल्ह्याच्या रानातून जीपच्या बॉनेटला बांधून आणलेलं जनावर
सकाळपर्यंत लाकूड झालेलं असायचं.
जबड्यावर गरम पाण्याचा टॉवेल,
तो सैल पडला की जीभ आत.
पुढचे पाय मुडपून पोटाखाली,
जसं काही रवंथ करत बसलंय.
गोळीची बाजू जमिनीकडे.
डोळ्यावर ओला बोळा फिरवायचा,
चकाकी दोन मिनिटं टिकते, तेवढ्यात उरकायचं.
"साहेब, जरा मागं सरा,
मागं बसलं की शिंगं मोठी येतात."
साहेब सरायचे. बंदूक मांडीवर आडवी.
हे सगळं वडील जेवताना सांगायचे,
भाकरी मोडत,
आणि आई म्हणायची, पुरे.

एवढं करूनही मान काही राहत नाही.
मेल्यावर कुठल्याच जातीची राहत नाही.
मग एकानं मागं गवतात पालथं पडायचं
आणि शिंगाचं बूड धरून ठेवायचं,
साहेबांची मिशी मनासारखी होईपर्यंत.

हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मी स्क्रीनवर मोठं करत गेलो.
चार बोटं. नखं काळी.
स्टुडिओतल्या औषधानं होतात तशी,
त्यांची शेवटपर्यंत तशीच होती.
ससूनमधली नर्स दोनदा स्पिरिटनं पुसून दमली होती.
त्या वयातला त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.
दुसऱ्यांचे काढायला जायचे ना.

दीड तास लागला.
बोटांच्या जागी गवत काढलं, पातं पातं.
आता मान आपली आपण उभी आहे.
बोटं वेगळी सेव्ह केली,
फाइलला नाव सुचेना,
'हात' लिहिलं, मग खोडलं,
शेवटी तारीखच टाकली.

बुरशीचे ठिपके मी रोज शेकड्यानं पुसतो.
सांबराच्या डोळ्याच्या कडेला एक होता.
पुसायला म्हणून मोठा केला
तर त्याला पाय होते.

मुंगी.
बोळा फिरवून झाल्यावर
त्या दोन मिनिटांत पोचलेली.
तिच्याबद्दल शार्दूल काही बोलला नव्हता.
राहू दिली.

शनिवारी तो फ्रेम न्यायला आला.
तीस बाय चाळीस, सागवानी पट्टी,
उचलायला ड्रायव्हर.
"एकदम जिवंत!" म्हणाला.
थोडा मागं सरला, पुन्हा जवळ आला.
खिशातून रुमाल काढून
काचेवर डोळ्यापाशी घासलं.
तोंडाची वाफ सोडली, परत घासलं.

मी खाली मान घालून पावती लिहीत होतो.
ओघळ, दोनशे. डोळा, दोनशे.
हात, तीनशे.